मोठ्या कुकरची शिट्टी

छोटा शाळेतून यायला अजून दीड तास आहे ना? मग चहा ठेव आणि अशी समोर बस. परवापासून मनात घोळतंय ते आज बोलूनच टाकते.

परवा तू वरणाचा कुकर लावला होतास. शिट्टी व्हायच्या आधी तो नुसता फुसफुसला, तेवढ्यात तुझा छोटा टेबलाखाली शिरला. दोन्ही तळवे कानांवर इतके घट्ट दाबलेले, की बोटांची टोकं पांढरी पडली होती. तू धावलीस, गॅस बंद केलास, त्याला पोटाशी धरलंस. ‘काही नाही रे, काही नाही’ म्हणत होतीस, पण तुझाच आवाज कापत होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि तुझाही पाहिला. घरी गेल्यावर बराच वेळ मला झोप लागली नाही.

तू सांगितलंस ना, जूनमध्ये पोफळीहून बदली होऊन तुम्ही कोराडीत आलात आणि चौथ्याच रात्री दोन वाजता तो आवाज झाला. विमान घराच्या गच्चीवर उतरतंय असं वाटलं म्हणालीस. खिडक्यांची तावदानं थरथरली, छोटा किंचाळत उठला, आणि तेव्हापासून सगळंच बिनसलं. दिवा मालवू देत नाही, बाथरूममध्ये एकटा जात नाही. मिक्सर नको, शेजारच्यांची बुलेट नको. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. चार वर्षांचं लेकरू, आणि घरातले सगळे त्याला ‘भित्रा’ म्हणायला लागलेत. ते म्हणणं आधी थांबव. बाकीचं सावकाश बघू.

तो आवाज कसला होता, हे त्याला कोणी सांगितलं का? तुला तरी कोणी सांगितलं का? तुझे हे पोफळीला कोयनेच्या वीजघरात होते. तिथे डोंगराच्या पोटात पाणी वरून कोसळतं आणि चाक फिरवतं. आग नाही, बॉयलर नाही. इथल्या वीजघरात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ चाक फिरवते. कोराडीचा पहिला संच १९७४ साली चालू झाला. आता जे मोठे तीन आहेत ते एकेक ६६० मेगावॉटचे. त्यांच्या बॉयलरमधला दाब हवेच्या दाबाच्या २२० पटींहून जास्त असतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये तो दुप्पट असतो, फार तर जरासा इकडेतिकडे. समज, वाफ चाकाकडे निघाली आहे आणि चाक अचानक थांबलं. मग त्या वाफेनं जायचं कुठे? कुकरला जसा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तसेच बॉयलरलाही असतात, पुष्कळ मोठे. ते उघडतात आणि वाफ आभाळात सुटते. संच बरेच दिवस बंद ठेवून पुन्हा पेटवतात, त्याला इथली माणसं लाइट-अप म्हणतात, तेव्हाही वाफ बाहेर सोडावी लागते. आमच्या यांची सगळी नोकरी त्या बॉयलरपाशी गेली. ते म्हणायचे, व्हॉल्व्ह ओरडला की मला बरं वाटतं. ओरडायच्या वेळी तो गप्प बसला तर मात्र मला घाम फुटेल.

आम्हा मोठ्यांना हे कळलं की आवाज लहान होतो. मुलाचं तसं होत नाही, पण त्यालाही कळावं लागतंच. फक्त त्याच्या मापाचं.

माझी मोठी लेक साडेतीन वर्षांची असताना अस्संच झालं होतं. आम्ही तेव्हा वसाहतीत क्वार्टरमध्ये राहायचो. मी तरुण होते, घाई होती, आणि चारचौघी सांगतील ते खरं वाटायचं. एक जण म्हणाली, जिथली भीती तिथेच नेऊन उभं करायचं, म्हणजे मोडते. संध्याकाळी लेकीला कडेवर घेतलं आणि तलावाच्या काठाने पार पुढपर्यंत नेलं, जिथून वीजघराच्या चिमण्या अंगावर येतात. ती माझ्या मानेला मिठी मारून ‘घरी, घरी’ करत होती आणि मी तिचं तोंड हाताने फिरवून म्हणत होते, ‘बघ, आहे का काही? बघ ना!’ आणि नेमकी त्याच वेळी वाफ सुटली. तिने माझ्या खांद्याला चावा घेतला, गं. एवढी ती भेदरली. नंतर पाच-सहा महिने ती तलावाच्या बाजूला पाऊल टाकायला तयार नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे, कडेवर घेऊन मी निघाले की ती आधी विचारायची, ‘कुठे नेतेस?’ तिचा माझ्यावरचा भरवसाच मी तडकवला होता. आज ती स्वतः आई आहे. ती विसरली असेल, मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, ढकलायचं नाही. आणि तू करतेस तसं लपवायचंही नाही. तू शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केलास, तेव्हा त्याच्या मनात काय बसलं असेल? आईसुद्धा धावली, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर होणार होतं, आईने वाचवलं. उद्या तो आणखी लवकर टेबलाखाली जाईल.

आता जरा अवघड बोलते, राग मानू नकोस. ही भीती एकट्या छोट्याची नाही, त्यात थोडी तुझीही मिसळली आहे. तूच मागे सांगितलंस, तुझी आई कोयनानगरची. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा तो भूकंप. लोक गाढ झोपेत होते आणि घरं खाली आली. तुझी आई तेव्हा सहा वर्षांची. तुझ्या लहानपणी तावदान नुसतं वाजलं तरी तिने तुम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलेलं आहे, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. त्या रात्री इथली तावदानं थरथरली तेव्हा तू काय केलंस, आठव. छोट्याला उचललंस आणि जिन्याकडे धावलीस. तुझी काही चूक नाही, बाई. अंगातच मुरलेलं आहे ते. पण छोट्याने आवाज ऐकला आणि लगेच तुझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला उत्तर तिथे मिळालं.

हे मी मनाचं सांगत नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वर्षभराच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. एक टेबल, त्याच्या मध्यावर खाली खोलगट भाग, पण वर मजबूत काच. पलीकडच्या टोकाला आई. बाळ रांगत कडेपर्यंत येतं, थबकतं आणि मान वर करून आईकडे बघतं. जिथे आयांनी हसरा चेहरा केला तिथे १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे आली. जिथे आयांनी घाबरल्याचा चेहरा केला तिथे १७ पैकी एकही आलं नाही. काच तीच होती. म्हणून आधी तुझ्यापासून सुरू करायचं. खोटं हसू आणू नकोस, मुलांना ते कळतं. तुझ्या यांना नीट विचारून घे, एकदा दिवसाउजेडी तू स्वतः गच्चीवर उभी राहून ती वाफ बघ, आवाज ऐक. तुझा श्वास जागेवर आला की त्याचा येईल. आणि त्याला खरं सांगायलाही हरकत नाही: ‘त्या रात्री मीपण दचकले होते. मला माहीत नव्हतं ते काय आहे. आता माहीत झालंय.’ एवढ्या तीन वाक्यांनी अर्धं ओझं उतरतं बघ. घाबरणारा घरात तो एकटाच नाही, हे त्याला कळतं.

माझ्या धाकट्याच्या वेळी मी शहाणी झाले होते. तोही चार वर्षांचा असताना त्या आवाजाने बिथरला. ‘काही नाही’ हा शब्दच मी घरातून काढून टाकला. त्याला ऐकू येत होतं, छातीत धडधडत होतं, आणि आपण म्हणायचं काही नाही? मग त्याने विश्वास कोणावर ठेवायचा? मी मांडीवर घेऊन म्हणायचे, ‘हो, मोठा आवाज आहे. कानाला टोचतो ना?’ तो मान हलवायचा. एक दिवस त्याला विचारलं, कोण ओरडतं रे तिकडे? म्हणाला, ‘पांढरा राक्षस. त्याला भूक लागते.’ ह्या वयात मुलांना सगळ्याच वस्तूंत जीव दिसतो. चालतं, ओरडतं, धूर सोडतं, म्हणजे ते जिवंतच. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने तर यावर पुस्तकं लिहिली आहेत. मी हसले नाही, ‘राक्षस वगैरे काही नसतं’ असंही म्हटलं नाही. म्हटलं, चल, आपल्या घरात त्याचा एक धाकटा भाऊ आहे, तो दाखवते.

कुकर घेतला, थंड, रिकामा. जमिनीवर ठेवला. झाकण त्याच्या हातात दिलं. त्याने शिट्टी काढली, लावली, पुन्हा काढली, भोकातून माझ्याकडे डोळा लावून बघितलं. दोन दिवस तो कुकर म्हणजे त्याचं खेळणंच होतं. तोंडाने ‘फुस्स’ करायचा, मग ‘फुश्श्श’ करून सगळ्या घरभर पळायचा. तिसऱ्या दिवशी पाणी घालून ओट्यावर चढवला. त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसवलं, हातात मुरमुऱ्याच्या चिवड्याची वाटी. आधीच सांगितलं, ‘आता फुसफुसेल, मग शिट्टी उडेल, मग मी गॅस बंद करणार. एकच.’ झालं तसंच. तो रडला नाही असं नाही. पण खुर्चीवरून उतरला नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची त्याने स्वतःच एक फरशी आत ओढली.

अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स म्हणून एक बाई होत्या. त्यांनी १९२४ साली पीटर नावाच्या पावणेतीन-तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. मुलगा आवडीचं खात बसलेला असायचा आणि पिंजऱ्यातला ससा दूर ठेवलेला. रोज थोडा जवळ, पण मुलगा खायचा थांबणार नाही इतकाच. शेवटी तो त्या सशाला कुरवाळायला लागला. मी हे फार पुढे वाचलं आणि नवल वाटलं नाही. आपल्या आज्यांनी अंगणात बसून काऊ-चिऊचे घास भरवत किती मुलांची कावळ्याची भीती घालवली असेल, त्याची कोणी नोंद ठेवली नाही इतकंच. त्यात जपायची गोष्ट एकच आहे. अंतर मुलाने ठरवायचं. खुर्ची त्याने ओढायची, आपण नाही.

मग देवळातली घंटा. तू जगदंबेला गेलीस की नाही अजून? नवरात्रात नको नेऊस त्याला, तेव्हा गर्दी आणि ढोल असतात. साध्या वारी सकाळी जा. भाविक म्हणतात, आपली कोराडीची देवी सकाळी बालिका दिसते, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा. मी धाकट्याला सांगायचे, आत्ता ती तुझ्याएवढीच आहे, हळू घंटा वाजव. कडेवर घेऊन त्याचा हात घंटेला लावायचा. आधी नुसता स्पर्श, मग एक टोला. स्वतःच्या हाताने केलेला आवाज मुलाला बोचत नाही, कारण कधी होणार आणि कधी थांबणार ते त्याच्या हातात असतं. आता तर तुझ्याकडे मोबाइल आहे. तुझ्या यांना त्या वाफेचा आवाज रेकॉर्ड करून आणायला सांग आणि बटण छोट्याच्या बोटाखाली दे. अगदी बारीक आवाजात सुरू करायचं. वाढवायचा त्याने, बंद करायचा त्याने. नको म्हणाला तर त्या दिवशी नको.

सगळ्यात शेवटी गच्ची. आमचे हे सकाळी निघतानाच सांगायचे, आज संध्याकाळी लाइट-अप आहे. मग दिवसभर मी धाकट्याला आठवण करून द्यायचे: आज मोठा कुकर लागणार. भीतीतला निम्मा भाग अचानकपणाचा असतो. रात्री दोनला झोपेत कानावर पडणं वेगळं आणि हातात पोळीचा रोल घेऊन गच्चीवर वाट बघणं वेगळं. तुझ्या यांना विचारून घेत जा. सगळ्याच वेळा आधी कळत नाही, पण जेव्हा कळेल तेव्हा ती संधी सोडू नकोस.

आणि गच्चीवर एक गंमत दिसते, ती तूही बघ. वाफ आधी दिसते, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर चालून यायला तीन सेकंद लागतात. आमच्या गच्चीतून दूरवर एकदम पांढरा झोत वर उठला, एकदम गुपचूप. मी म्हटलं, ‘निघाला बघ आवाज तिकडून, रस्त्यात आहे. मोज!’ त्याने बोटं उघडली. एक. दोन. तीन. चार. आणि मग आला. त्याचे खांदे कानांपर्यंत गेले, पण पाय जागचे हलले नाहीत. आणि काय म्हणाला माहितेय? ‘आई, मला आधी कळलं!’ तो चेहरा मी अजून विसरले नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो पाहुण्यांना गच्चीत नेऊन सांगायचा की हे डमरूसारखे मनोरे दिसतात ना, त्यातून निघतो तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. ढगांची मडकी म्हणायचा त्यांना.

हे सगळं आठवड्यात झालं असं समजू नकोस हं. अडीच महिने लागले. मध्ये एकदा त्याला ताप आला आणि सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर. मुलं मागे सरकतात. तेव्हा ‘काल तर शूर होतास ना?’ असं म्हणू नकोस. शूरपणाचं बक्षीसही नको. बक्षीस लावलं की घाबरल्याचं सांगायची चोरी होते.

तुझ्या सासूबाई दृष्ट काढतात ते काढू दे. मीठ-मोहरी ओवाळताना आजीचा हात डोक्यावरून फिरतो, त्यात मुलाला बरंच वाटतं. पण ‘गप्प झोप, नाहीतर तो वाफेचा बुवा येईल’ हे जे त्या परवा म्हणाल्या, ते मात्र हात जोडून बंद करायला सांग. तू सांगू शकत नसलीस तर मी सांगते, माझं त्या ऐकतील. आपल्याकडे बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शनवाला डॉक्टर, सगळ्यांना मुलाला जेवू घालायच्या कामाला जुंपतात. एकीकडे भीती काढायची आणि दुसरीकडे तिचाच धाक घालायचा, हे कसं चालेल?

तू कोकणातली, तुला मारबत माहीत नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. प्रचंड पुतळे, सोबत बडगे म्हणून आणखी पुतळे, आणि लोक ओरडत असतात, इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! शेवटी जाळतात. त्या गर्दीत छोट्याला ह्या वर्षी मुळीच नेऊ नकोस. पण घरी रद्दीच्या कागदाची वीतभर मारबत करायला काय हरकत आहे? त्याला विचार, हिच्याबरोबर काय काय पाठवायचं. काय सांगेल ते लिही, चिकटव. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन ये त्याच्यासाठी. इथली सगळी लेकरं ते सजवून मिरवतात, त्यात त्याच्या ओळखी होतील. त्याच्याच वयाची, ह्याच आवाजात वाढलेली पोरं आवाज झाल्यावर खेळ न थांबवता खेळत राहतात, हे त्याने बघायला हवं. तुझ्या-माझ्या दहा वाक्यांपेक्षा ते भारी पडतं.

एक मात्र लक्षात ठेव. तुम्हाला येऊन तीन महिने होत आले. हे सगळं करूनही दिवाळीपर्यंत काहीच फरक पडला नाही, झोप-जेवण बिघडतच गेलं, शाळेत जायचं नाकारू लागला, किंवा सगळेच आवाज, अगदी नळाचा, कागदाचासुद्धा, त्याला सहन होत नाहीत असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. ते कान तपासतील, गरज वाटली तर पुढे पाठवतील. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला मानसोपचाराचा विभाग आहे. सरकारची टेली-मानस म्हणून फुकट फोनसेवा आहे, १४४१६. आधी नुसतं बोलून बघायलाही चालतं. तिथे जाण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, आणि सासूबाईंना सांगताना आवाज खाली करू नकोस.

बघ, बोलता बोलता व्हॅनची वेळ झाली. डाळ धुतलीस ना? मग कुकर आत्ता लावू नकोस, तो येऊ दे. शिट्टी त्याच्या हातून बसवून घे, गॅस पेटवायच्या आधी, आणि मग त्याला उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसव. किती शिट्ट्या करायच्या ते त्यालाच विचार. एक म्हणाला तर एकच. डाळ कच्ची राहिली तर राहू दे, मी घरून वरण पाठवते.